भुरीला महेश्वरपर्यंत चालवत न्यावं का?

भुरी गावठी कुत्री. वय साडेतीन, वजन १७ किलो, नसबंदी झालेली. बेत असा होता की इंदूरच्या राजेंद्र नगरहून निघायचं आणि राऊ, महू, बडगोंदा, जाम गेटचा घाट, मंडलेश्वर करत महेश्वर गाठायचं. होळकरांच्या एका राजधानीतून दुसरीत, पायी, डिसेंबरात, चार दिवसांत. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर. माणसांचं एका संध्याकाळी ठरलं. भुरीचं ठरायला ऑगस्ट ते डिसेंबर लागले, आणि तरी शेवटचा निकाल तिसऱ्या दिवशी दुपारी घाटाच्या पायथ्याशीच लागला. तयारी करताना वाचायला मिळालं ते बहुतेक बर्फातून चालणाऱ्या झुबकेदार कुत्र्यांसाठी लिहिलेलं होतं. माळव्यातलं कुसळी गवत, घाटाखालच्या निमाडातलं ऊन आणि दर गावच्या वेशीवरची कुत्र्यांची टोळी यांचा त्यात पत्ता नव्हता. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवलं आहे.

आधी कोणाला न्यायचंच नाही ते. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्यांना नाही. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम तळव्यांना. बाकी सगळी उष्णता धापा टाकूनच बाहेर काढायची असते आणि यांची श्वासाची वाटच अरुंद. दीड वर्षाखालच्या पिल्लाला नाही, कारण लांब हाडांची टोकं १२ ते १८ महिन्यांपर्यंत वाढत असतात, मोठ्या जातींत त्याहूनही उशिरापर्यंत. माजावर आलेल्या कुत्रीला तर अजिबात नाही. तीन गावांचे कुत्रे मागे लागतील आणि एकही पट्टा पुरणार नाही. लठ्ठ लॅब्रेडॉरला आधी बारीक करा, मग बघा. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, इतकं वजन योग्य.

भुरी या चाळणीतून सुटली. पण खरी अडचण पुढेच आहे. कुत्रा ‘आता पुरे’ म्हणत नाही. माणूस पुढे चालतोय तोवर तो लंगडत का होईना मागे येतो, शेपटीही हलवतो आणि पडायच्या वेळी सरळ पडतो. म्हणून नाही म्हणायचं काम आपल्याला आधी करून ठेवावं लागतं, घरी, थंड डोक्याने, कागदावर. त्या कागदाबद्दल पुढे.

१८ ऑगस्टला डॉक्टरांकडे गेलो. निघायच्या तारखेआधी चार महिने, आणि हे लवकर वाटलं तरी लवकर नव्हतं. लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मध्ये तीन-चार आठवडे. हा रोग उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून डबक्यात, ओढ्यात उतरतो, माणसालाही होतो, आणि चालणारा कुत्रा डबक्यात तोंड घालणारच. भुरीचे लेप्टोसकटचे नेहमीचे डोस वेळेवर झालेले होते, त्यामुळे फक्त वार्षिक बूस्टर आणि रेबीजची सुई. तपासणी फी, दोन्ही लशी आणि रक्ततपासणी धरून २,२०० रुपये.

रक्ततपासणीचा आग्रह डॉक्टरांचा. पावसाळ्यात आपल्याकडच्या बऱ्याच गावठी कुत्र्यांच्या अंगावर गोचिड्या असतात, आणि गोचिडतापाचा जंतू रक्तात महिनोन्‌महिने गुपचूप बसून राहू शकतो. घरात कुत्रा ठणठणीत दिसतो, मेहनत पडली की प्लेटलेट खाली आणि नाकातून रक्त. भुरीचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला, साफ. नसता तर डॉक्सिसायक्लिनचा जवळपास महिन्याचा कोर्स आणि बेत पुढच्या वर्षावर. गोचिड्यांसाठी फ्लुरालानेरची गोळी घेतली, वजनाप्रमाणे १,९०० रुपये. तिचा असर बारा आठवडे टिकतो, म्हणून ऑगस्टमध्ये न देता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली. गोळी असली तरी गोचिडी अंगावर चढते आणि चावल्यावरच मरते, तेव्हा संध्याकाळी बोटं फिरवायचं सुटत नाही.

सप्टेंबर गेला कागदांत. वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. निष्पन्न एवढं की जाम गेटचा रस्ता सार्वजनिक आहे, त्यावरून चालायला कुणाची परवानगी लागत नाही, पण डांबर सोडून राखीव जंगलात शिरायचं नाही. इंदूरजवळच्या राळामंडळसारख्या अभयारण्यात तर कुत्रं नेण्याचा प्रश्नच नाही. हा नियम जाचक वाटतो खरा, पण २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा कुत्र्यांचाच रोग, आणि आपलं कुत्रं लस घेतलेलं असलं तरी रखवालदाराला ते तोंड बघून कळत नाही. दुसरं कारण आपल्या बाजूने आहे: महूच्या पट्ट्यात बिबटे आहेत आणि बिबट्याला कुत्रा म्हणजे आयतं जेवण. २०२३ च्या उन्हाळ्यात तर तिकडे वाघ फिरत होता. पट्ट्याशिवाय भुरी एक मिनिटही राहणार नाही, हे तिथेच ठरलं.

‘डांबर सोडायचं नाही’ हे वाक्य तेव्हा सोपं वाटलं. पुढे सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

राहण्याच्या जागांना फोन करायला चार संध्याकाळी गेल्या. धर्मशाळा सरसकट नाही म्हणतात. लॉजवाले ‘कुत्ता छोटा है या बड़ा?’ विचारतात, मग ‘काटता तो नहीं?’ आणि मग मालकाला विचारून सांगतो म्हणतात. फोनवर हो म्हटलेलं दारात नाही होतं, म्हणून लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आणि कुत्र्याचा फोटो आधी पाठवून ‘हो’ लिहून घ्यावं. महूत मावशीचं घर होतं. दुसऱ्या रात्रीसाठी जाम गेटच्या अलीकडे एका शेतकरी कुटुंबाची खोली मिळाली, भुरीचे २०० रुपये जास्तीचे.

पुण्या-मुंबईहून कुत्र्याला घेऊन इंदूरला येणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. रेल्वेत कुत्रा सोबत बसवता येतो तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तिथेही दोन किंवा चार बर्थचा कप्पा पूर्ण आपला असेल तरच. टू एसी, थ्री एसी, स्लीपर, चेअरकार यांत नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. दोन्हीचं बुकिंग पार्सल ऑफिसात होतं आणि डॉक्टरांचं ताजं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बिनपावतीचा कुत्रा सापडला तर सहापट आकार लावतात. गार्डच्या पेटीचा सल्ला आम्ही कुणालाही देणार नाही. अंधार, खडखडाट आणि रात्रभर पाणी नाही, अशा प्रवासाने घाबरलेलं जनावर दुसऱ्या दिवशी चालणार काय?

सराव ५ ऑक्टोबरला सुरू झाला. पहिल्या रविवारी सहा किलोमीटर, मग दर आठवड्याला फार तर एक किलोमीटर वाढवायचं. देवगुराडिया आणि कंपेलच्या बाजूचे रस्ते सकाळी मोकळे असतात. नोव्हेंबरमध्ये लागोपाठ दोन दिवस चालायला लागलो, कारण एका दिवसाच्या चालण्याने काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रं उठताना कसं उठतं, मागचे पाय ताठ आहेत का, नेहमीच्या जागी उडी मारतं का, त्यावरून कळतं.

याच काळात बूट. हा विषय हसण्यावारी नेऊ नका. डांबर सकाळी नऊनंतर तापायला लागतं, हिवाळ्यातही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर तिथे कुत्र्याचे तळवे टेकायचे नाहीत, हा साधा नियम. माप घेताना कुत्र्याला कागदावर उभं करायचं आणि त्याच जोडीतला दुसरा पाय उचलून धरायचा, म्हणजे वजन पडून पंजा पसरतो. तोच आकार पेन्सिलीने काढायचा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे निघतात आणि अंगाचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून पुढचेच बूट आधी फाटतात. चार बुटांचा संच १,१५० रुपयांना, पुढची जादा जोडी ६०० ला. पहिले तीन-चार दिवस भुरी पाण्यातून चालल्यासारखे पाय उचलून टाकत होती. रोज दहा मिनिटं, घरातच, बूट घातल्यावर अंड्याचा तुकडा, असं दहा दिवस केल्यावर विसरली. वेल्क्रोची पट्टी अंगठ्याच्या नखावर घासते, तिथे आतून लहान बाळाचा सुती मोजा घातला की भागतं. दर तासाला बूट काढून पंजे पुसायचे, नाहीतर घामाने तळवे भिजून मऊ पडतात आणि मऊ तळवा लवकर सोलतो. याच कारणाने रोज खोबरेल चोळू नये. तळवा राकट झालेलाच बरा.

गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून इतकं चालवायचं नाही. छातीवरून इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा हार्नेस घ्यावा, खांदा मोकळा राहतो. त्याला दोन मीटरची पक्की दोरी. आपोआप गुंडाळणारी नको, ट्रक हॉर्न देतो तेव्हा तिचं बटण सापडत नाही. हार्नेस आणि दोरी मिळून १,६५०. कुत्र्याच्या पाठीवर पिशव्या लादायची फॅशन आहे, वजनाच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा म्हणतात. आम्ही तिचं सामान आमच्याच पाठीवर घेतलं.

सामान फार नव्हतं. अडीचशे-तीनशे ग्रॅम कोरडं खाणं ती घरी खाते, चालण्याच्या दिवशी दीडपट लागतं, म्हणजे रोजचे चारशे ग्रॅम. पाणी घरी दिवसाला लिटरभर, चालताना दोन ते अडीच लिटर, म्हणून तिची दोन लिटरची बाटली वेगळी आणि हापशावर भरून घ्यायची. औषधांत बीटाडीन, सलाईन, गॉझ, स्वतःला चिकटणारी पट्टी, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन. सगळे मिळून ७०० रुपये. आपल्या डब्यातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कुत्र्याला कधीही द्यायची नाही. कॉम्बिफ्लाममधल्या आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. आणि एक आजीची जुनी सुती नऊवारी. चारपदरी घडी करून पाठीवर झोळी बांधली की १७ किलोचं कुत्रं उचलता येतं. कागदावर. प्रत्यक्षात कंपेलच्या रस्त्यावर भुरीला तशी बांधून चाललो तर सातशे मीटरवर खांदे गेले. मग दोघांत आलटून-पालटून करून पाहिलं, दोन किलोमीटर. म्हणजे आपली हद्द दोन किलोमीटर. त्यापुढे गाडी.

म्हणून ओळखीच्या एका ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवलं: चार दिवसांत कधीही फोन आला तर यायचं, मागच्या सीटवर कुत्रा, चादर आमची, भाडं २,६००. खासगी बसवाले कुत्रं चढवत नाहीत, आणि आयत्या वेळी ठरवलेली टॅक्सी कुत्रं पाहून निघून जाते. घरचा भाऊ त्या चार दिवसांत इंदुरातच राहणार, हेही ठरलं.

१२ डिसेंबरला आरोग्य प्रमाणपत्र घेतलं, ३०० रुपये. त्याच रात्री तो कागद लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या, पोरखेळ वाटला तरी. भुरीने एक पूर्ण जेवण नाकारलं, तर परत. लंगडणं दहा मिनिटांच्या विश्रांतीनंतरही राहिलं, तर परत. थांबून सावलीत वीस मिनिटं झाल्यावरही गुदद्वारातलं तापमान १०३ फॅरनहाइटच्या खाली आलं नाही, तर पाणी ओतून लगेच परत. तळव्याचा थर उचलला गेला, तर परत. ‘बघू थोडं पुढे जाऊन’ हे कोणीही म्हणायचं नाही.

१४ डिसेंबर. राजेंद्र नगर ते महू, साधारण पंधरा किलोमीटर. राऊपर्यंत वाहनं, धूर, हॉर्न. दोरी आखूड धरून रस्त्याच्या उलट्या बाजूने चालायचं, म्हणजे समोरून येणारं दिसतं. सांगण्यासारखं काही नाही. महूच्या छावणी भागात दोरी सोडू नये, कुणीतरी टोकतंच. महूत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा काही दुखलं-खुपलं तर या मार्गावरचा शेवटचा मोठा दवाखाना हाच, पुढे नाही. संध्याकाळी मावशी वाटी घेऊन बाहेर आली. ‘अगं, दमली असेल पोर, दूध-पोळी देऊ का?’ मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही, आणि चालण्याच्या आदल्या रात्री हगवण म्हणजे संपलंच. मावशीला तसं सांगितल्यावर ती जरा हिरमुसली, मग दोन अंडी उकडून आणली. वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांनाच कुत्र्याला काहीतरी घालायचं असतं. बिस्किटाने फार बिघडत नाही. पण लसणाची शेव, कांद्याची भजी, मनुका घातलेला प्रसादाचा लाडू, चॉकलेट ही चारही विषं आहेत. ‘व्रत आहे तिचं’ म्हटलं की लोक हसतात आणि हात मागे घेतात.

१५ डिसेंबर. पावणेसातला निघालो, उजाडताना. रात्री पोटभर, सकाळी निघण्याआधी दीड-दोन तास मूठभर, एवढंच खाणं. भरल्या पोटी चालवलं तर मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडायची भीती असते. दर अर्ध्या तासाला दीडशे मिलिलिटर पाणी. हिरड्या बघायची सवय लावून घ्यावी: ओठ वर करून गुलाबी हिरडीवर अंगठा दाबायचा, पांढरा डाग पडतो, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. वेळ लागला किंवा हिरडी चिकट लागली की पाणी कमी पडतंय.

बडगोंद्याच्या पुढे गावांचे कुत्रे. हे प्रकरण शिकून घ्यावं लागतं. प्रत्येक टोळीची हद्द असते आणि ती दोन-तीनशे मीटरांत संपते. तेवढं अंतर न थांबता, न पळता पार करायचं. आपलं कुत्रं रस्त्याच्या आतल्या अंगाला, दोरी हातभर, टोळीकडे रोखून बघायचं नाही. फार जवळ आले तर खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक. भारतातल्या कुठल्याही कुत्र्याला ते समजतं. दगड मारू नये, गाव मागे लागतं. आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊ नये, टोळी अंगावर उड्या मारते आणि चावा आपल्याला बसतो. चावा बसलाच तर माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची पहिली सुई. आपल्या कुत्र्याला चावा बसला तर त्याला लस झालेली असली तरी बूस्टर द्यायचाच. मेंढपाळांचे कुत्रे ही वेगळी जात. राजस्थानातून उतरलेले कळप हिवाळ्यात माळव्यात असतात आणि त्यांचे कुत्रे दगडाला भीत नाहीत. तिथे लांबूनच हाक मारून मेंढपाळाला थांबवायचं आणि तो कुत्री धरेपर्यंत उभं राहायचं. आम्ही पाऊण तास उभे होतो.

शेतांत कुत्रं का सोडू नये, याचं उत्तर गव्हाच्या दिवसांत सोपं आहे. रानडुकरं आणि नीलगाईंसाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. सरीतल्या पाण्यात युरिया विरघळलेला असतो.

आणि कुसळं. पावसाळ्यात वाढलेलं गवत डिसेंबरात वाळतं, त्याची कुसळं भाल्यासारखी एकाच दिशेने पुढे सरकतात. बोटांच्या बेचक्यात, कानात, बगलेत घुसली की आतच प्रवास करतात आणि आठवड्याने गळू होऊन बाहेर येतात. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात भुरीच्या चार पायांतून अकरा काढली. बेचक्यातले केस आधीच कात्रीने आखूड केले होते, म्हणून दिसली तरी. कुत्रं डोकं झटकत एका बाजूला कलतं करून बसलं तर कानात गेलं समजावं, तिथे चिमटा घालू नये.

त्या घरी भुरीला अंगणात बांधायचं का, असं विचारलं गेलं. नाही. या पट्ट्यात बिबट्या ओसरीवरून कुत्री उचलून नेतो. ती खोलीत झोपली, दाराला आतून कडी, आणि लघवीसाठी पाचच्या आधी बाहेर नाही.

१६ डिसेंबर. जाम गेटला आठाच्या आत पोचलो. विंध्याच्या कडेवरचा अहिल्याबाईंच्या काळातला दगडी दरवाजा; त्यातून खाली बघितलं की निमाड धुक्यात. माकडं खूप आहेत, भुरीने दोरी इतक्या जोरात ओढली की दोरी माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली नसती तर हात निखळला असता. दरवाजात खायला बसू नये.

घाट उतरताना चूक झाली. उतारावर पंजा बुटात पुढे सरकतो, नखं टोकाला आपटतात. भुरी दर वळणावर थांबून बूट चावायला लागली, म्हणून पुढचे दोन्ही काढले. सकाळचं डांबर गार होतं, हात टेकवून पाहिलं होतं. गरम-गारचा हिशेब बरोबर होता, घासण्याचा नव्हता. उतारावर पुढच्या पायांवर साठ टक्क्यांहून कितीतरी जास्त भार येतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो, आणि घाटातल्या डांबरावर सुटी खडी पसरलेली असते. नखं आदल्या आठवड्यात आणखी आखूड कापली असती आणि बूट अर्धा माप मोठे घेऊन पुढे कापूस भरला असता, तर कदाचित निभावलं असतं. मातीच्या पायवाटेने उतरलो असतो तर नक्कीच. पण डांबर सोडायचं नव्हतं.

खाली उतरल्यावर ऋतूच बदलतो. वर सकाळी स्वेटर, खाली अकरा वाजता मेमधल्यासारखी झळ. अंगणांत, खळ्यांत मिरच्या वाळत घातलेल्या. त्यांच्यावरून चालून मग पंजा चाटला तर काय होतं ते सांगायला नको, म्हणून अशा ठिकाणी वळसा. साडेअकराला एका चिंचेखाली थांबलो. भुरीची धाप नेहमीची, हिरड्या ठीक, वीस मिनिटांनी ताप १०२.४. पाणी प्यायली, अंडंही खाल्लं. शेपटी हलत होती. मग ती उजवा पुढचा पंजा चाटत बसली.

मोठ्या गादीच्या कडेला रुपयाएवढा थर उचललेला, एका बाजूने लटकत होता. खाली ओली गुलाबी कातडी. रक्त जवळजवळ नाही. ती त्या पायावर उभीही राहत होती. बूट चढवून उरलेलं अंतर गेलीच असती. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. साडेबाराला पिशवीतून कागद काढला.

नेटवर्कसाठी अर्धा किलोमीटर पुढे जावं लागलं. गाडी यायला पावणेतीन तास लागले. तोवर सलाईनने धुतलं, लटकता तुकडा ओढून तोडला नाही (तो खालच्या कातडीचं पांघरूण असतो), बीटाडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावलं, बोटांच्या मध्ये कापसाच्या पातळ वाती, त्यावर गॉझ, मग चिकट पट्टी. पट्टीखाली दोन बोटांची टोकं दिसत राहायला हवीत. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडायची. वरून मोजा. भाऊ गाडीतूनच आला होता. भुरी मागच्या सीटवर चढली आणि खिडकीतून आमच्याकडे बघत राहिली, आम्ही का चढत नाही म्हणून.

१७ तारखेला मंडलेश्वरपर्यंत आणि तिथून नदीच्या अंगाने महेश्वर. ‘नर्मदे हर’ म्हणत जाणारे परिक्रमावासी भेटले, त्यांच्या मागे एक पिवळा कुत्रा आपणहून चालत होता. कुठून लागला मागे, हे त्यांनाही सांगता येईना. दोरी नाही, बूट नाहीत. अशा कुत्र्यांकडे बघून आपल्या कुत्र्याचा हिशेब करू नये. त्याला बसावंसं वाटलं की तो बसणार होता, भुरीला ती मुभा नव्हती.

एकूण खर्च भुरीपुरता ११,३०० रुपये, गाडीसकट. पट्टी पहिले तीन दिवस रोज बदलली, मग दिवसाआड. बाहेर जाताना वरून प्लॅस्टिकची पिशवी, घरात आल्यावर लगेच काढायची, नाहीतर आत घाम धरतो. २९ डिसेंबरला नवा थर पूर्ण आला, गुळगुळीत आणि फिका. तो राकट व्हायला आणखी तीन आठवडे लागले, तोवर फक्त बागेतल्या गवतावर फिरवली. घाटात काढलेल्या जोडीतला उजवा बूट कुठेतरी पडला तो पडलाच. दुकानात चौकशी केली, सुटा एक देत नाहीत, जोडीच घ्यावी लागते. या वेळी अर्धा माप मोठी घेतली आहे.